फ्रान्सला जाऊन आमटी-भातच खायचा का?

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एक वाचक, वय ५८, बँकेतून निवृत्त. मुलगी ग्रेनोबलला संशोधन करते. येत्या सप्टेंबरात नवरा-बायको सोळा दिवसांसाठी तिच्याकडे निघालेत. तिथून लियाँ, नीस आणि परतताना पॅरिस करायचा विचार आहे. बाई अंडं आणि चीज खातात, मांस-मासे नाही. यजमानांना मटण-मासे आवडतात, पण गाय आणि डुक्कर अजिबात नाही, आणि रात्री वरण-भात पोटात गेल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. मुलीने 'खायलाच हवेत' अशा तीस पदार्थांची यादी पाठवली आहे, सात शहरांची. वर दम दिलाय, "इथे येऊन ठेपलेच खाणार असशील तर येऊच नकोस." यजमानांना मात्र एका टूर कंपनीची सहल बरी वाटते, कारण तिथे रोज रात्री भारतीय जेवण मिळतं. बाई लिहितात, "मांस न खाणाऱ्याला फ्रान्सची खरी चव कळते का, की ही माझी उगाच हौस? दर वेळी हॉटेलात 'हे चालत नाही, ते चालत नाही' सांगायची लाज वाटते. आणि यांचं काय करू?"

ताई,

लेकीच्या यादीपासून सुरुवात करते. तुम्ही ती पत्राला जोडलीत ते बरं केलंत. प्रेमाने केलेली यादी आहे, पण फ्रान्समधलं एकही माणूस असं जेवत नाही. स्ट्रासबुर्गचं शुक्रूत, तुलूझचं कासूले, दिजोंचं बफ बुर्गिन्यों (वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस), मार्सेचं बुइआबेस (माशांचा रस्सा), ही नावं देशाच्या चार कोपऱ्यांतली. तुलूझचा माणूस वर्षानुवर्षं शुक्रूताला तोंड लावत नाही, आणि त्याचं काही अडत नाही. 'फ्रेंच जेवण' असं एकच ताट तिथे कुठे वाढत नाहीत. वायव्येकडे लोणी आणि साय, भूमध्य समुद्राच्या बाजूला ऑलिव्हचं तेल, नैर्ऋत्येला बदकाची चरबी. स्वयंपाक ज्या स्निग्धात होतो तेच बदललं की पुढचं सगळं बदलतं.

म्हणून तुमचा पहिला प्रश्नच मला जरा वेगळा मांडावासा वाटतो. मांस न खाणाऱ्याला फ्रान्सची चव कळते का, यापेक्षा कुठल्या भागात कळते, हे विचारा. तुलूझ आणि स्ट्रासबुर्ग तुमच्यासाठी नाहीत. कासूले म्हणजे पांढऱ्या घेवड्यात तासन् तास शिजलेलं बदक आणि डुक्कर. शुक्रूत म्हणजे आंबवलेल्या कोबीवर रचलेले डुकराचे नाना प्रकार. तुम्हीही उपाशी आणि तुमचे अहोही उपाशी. पण तुमची लेक जिथे राहते तो भाग आणि नीस, ही दोन्ही ठिकाणं तुमच्यासारख्या खाणाऱ्यांसाठी फार सोयीची आहेत. यादी करण्याच्या नादात तिच्या स्वतःच्या गल्लीतलं खाणं मात्र त्यात आलेलं नाही.

ग्रेनोबल दोफिने प्रांताची जुनी राजधानी. इथला मुख्य पदार्थ ग्रातां दोफिन्वा: बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, थोडं जायफळ, आणि मंद भट्टीत तासाभराहून जास्त वेळ. जुन्या पद्धतीत यात चीज नाही, अंडंही नाही. बटाट्याच्या पिठुळपणानेच दूध दाट होतं. हॉटेलात हा बहुतेक वेळा मांसाच्या ताटात बाजूला येतो. तोच मुख्य पदार्थ म्हणून मागा आणि सोबत हिरवं सॅलड घ्या. कुणी भुवया उंचावणार नाही.

दुसरा पदार्थ राव्हिओल. नखाएवढे मैद्याचे चौकोन, आत चीज आणि पार्सली. ते सुटे मिळत नाहीत. कागदावर पसरलेली एक सलग पाटीच विकत मिळते, आणि ती घरी आणून उकळत्या पाण्यात सोडली की चौकोन आपोआप सुटे होतात. मिनिटभरात वर तरंगायला लागले की झारीने काढायचे. जरा रेंगाळलात तर लगदा. वर दोन चमचे साय आणि मिरपूड. हॉटेलात खाणार असाल तर एवढंच विचारा की कोंबडीच्या रश्शात शिजवलेत का, कारण तशीही रीत आहे. आणि अक्रोड! ग्रेनोबलच्या अक्रोडांना १९३८ पासून कायद्याने संरक्षित नाव आहे. सप्टेंबरच्या अखेरीला नवा माल यायला लागतो, तेव्हा ओल्या अक्रोडाची साल सोलून आतला पांढरा गर खाऊन बघा. सुक्या अक्रोडाचा तुरटपणा त्यात नसतो. स्टेशनजवळ रेल्वेपुलाखाली सकाळचा बाजार भरतो, लेकीला माहीत असेलच.

आता एक गोष्ट जी तुम्हाला आवडणार नाही, पण निघण्याआधी कळलेली बरी. "चीज चालतं" असं तुम्ही लिहिलंय. फ्रान्समधली बहुतेक पारंपरिक चीजं वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध फाडून करतात. कोंते आणि रब्लोशोंसारख्या नामांकित चीजांत तर नियमानेच तसं आहे. पनीरसारखं लिंबू पिळून होणारं हे काम नव्हे. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय असते, तिथे तो नसतो. तुम्हाला हे चालतं की नाही, आणि गाय वर्ज्य असलेल्या तुमच्या अहोंना चालतं की नाही, हे तुम्ही दोघांनी घरी बसून ठरवा. मी त्यात न्याय देणार नाही. दोन्ही उत्तरं असलेली शाकाहारी माणसं मला माहीत आहेत आणि दोघांचीही प्रवासात मजा जाते असं नाही. चालत नसेल तर राव्हिओल आणि फोंद्यू, म्हणजे वितळवलेलं चीज, बाद. ग्रातां, नीसचा सोका (तो पुढे सांगते), भाज्या, पाव आणि गोडाचे पुष्कळ प्रकार शिल्लक. दुकानातल्या पाकिटांवर सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची चीजं मिळतात, लेकीला लेबल वाचायला लावा. फक्त टेबलावर ताट आल्यावर हा वाद उकरू नका.

नीसला गेलात की चीजचा प्रश्न बराचसा मागे पडतो. सोका हा तिथला रस्त्यावरचा पदार्थ: हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. बस. सैलसर पीठ हातभर रुंदीच्या तांब्याच्या परातीत ओततात आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत सरकवतात. काही मिनिटांत वर फोड येतात, कडा काळपट होतात, मध्यभाग मऊ राहतो. मग विकणारी बाई उलथन्याने खरवडून ओबडधोबड तुकडे कागदावर देते, त्यावर भरपूर मिरपूड, आणि हाताने खायचं, चटके बसत असतानाच. गार झाला की त्यात काही राम नाही, म्हणून परात भट्टीतून बाहेर यायची वेळ बघून रांगेत उभं राहा. तुमचे अहो पहिला घास खाऊन म्हणणार, "हे तर आपलं धिरडंच." म्हणू दे. ते दुसरा कागद मागतात का, तेवढं बघा.

तिथेच लहान भोपळ्याच्या फुलांची भजी मिळतात, सप्टेंबरात अजून हंगाम असतो. चार्ड नावाची पालेभाजी, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून केलेला तूर्त द ब्लेत हा गोड पदार्थ आहे; पालेभाजी आणि साखर हे ऐकून नाक मुरडायच्या आधी एक चौकोन घ्या. रातातुईही मूळची इथलीच. तुळशीच्या जातीची पानं, लसूण आणि तेल वाटून घातलेलं भाज्यांचं आणि घेवड्याचं पिस्तू सूप उन्हाळ्याचं, पण सप्टेंबरात मिळतं. सावध राहायचं ते छोट्या खारवलेल्या माशांपासून. पिसालादियेर नावाचा कांद्याचा पाव दिसतो शाकाहारी, पण त्यावर अँकोव्ही असतेच. नीसच्या सॅलडमध्ये आणि पां बान्या नावाच्या सँडविचमध्येही मासा असतो. म्हणजे ही तिन्ही अहोंची.

लियाँबद्दल फार लिहीत नाही. तिथल्या प्रसिद्ध बुशों खाणावळी आतडी, डुक्कर आणि सॉसेजवर उभ्या आहेत. तिथे जाऊन तुम्ही हिरमुसून बसाल. एक दुपार पुरे. अहोंसाठी कनेल: पाइक नावाच्या नदीतल्या माशाचा गर, मैदा, अंडं, लोणी यांचा फुगवलेला मऊ गोळा, नदीतल्या कोळंबीसारख्या प्राण्याच्या सॉसमध्ये. या जिनसांत त्यांना वर्ज्य काही नाही, तरी लोण्याऐवजी गाईची चरबी घातलेली नाही ना, तेवढं विचारून घ्या. तुमच्यासाठी सेर्व्हेल द कानू: मऊ ताजं चीज, त्यात चिरलेली कांद्याची पात, औषधी पानं, थोडं व्हिनेगर, उकडलेल्या बटाट्याबरोबर. मोबाइलवर भाषांतर केलंत तर तो 'मेंदू' दाखवेल. घाबरू नका, मेंदूबिंदू काही नसतो. शेवटी साखरेत घोळलेल्या गुलाबी बदामांचा टार्ट. रंग बघून लग्नातल्या मिठाईची शंका येईल, चव चांगली असते.

ब्रिटनी, म्हणजे फ्रान्सचा वायव्य टोकाचा प्रांत, यादीतून सरळ काढा. सोळा दिवसांत तिकडे धावण्यात अर्थ नाही, आणि गरजही नाही. ब्रिटनीकडून येणाऱ्या गाड्या पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात येतात. त्यामुळे तिकडून आलेली माणसं त्याच भागात वसली आणि आजही तिथल्या एका रस्त्यावर ब्रेतों क्रेपवाल्यांची (क्रेप म्हणजे पातळ धिरड्यासारखा पदार्थ) रांग आहे. कुट्टूच्या पिठाची गालेट मागा, आत अंडं, चीज किंवा मशरूम. 'कोंप्लेत' म्हणालात तर हॅम येईल, म्हणून हॅम नको हे सांगावं लागेल.

यावरून तुमच्या लाजेकडे येते. "हे चालत नाही" सांगण्यात लाज वाटावी असं काही नाही, पण कधी सांगायचं याला महत्त्व आहे. ताट आल्यावर सांगितलंत तर वाढणारा खट्टू होतो, कुठल्याही देशात होईल. दारातून आत शिरताना आधी "बोंझूर" म्हणा. हे विसरू नका, फ्रान्समध्ये त्याशिवाय बोलायला सुरुवात करणं उद्धटपणा मानतात. मग बसण्याआधीच सांगा: "ज न मांज नी व्यांद, नी प्वासों", मी मांसही खात नाही, मासेही नाही. दोन्ही म्हणा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं की मासा चालेल असं समजणारे अजून भेटतात. तोंडाने जमत नसेल तर लेकीकडून कागदावर लिहून घ्या. काही नाही म्हणाले तर उठून पुढच्या दारात. अजून पाणीही मागितलेलं नसतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही.

काय काढून मागता येतं याचा एक ठोकताळा सांगते. जे ऐनवेळी जुळवतात त्यातून एखादा जिन्नस गाळता येतो; जे सकाळपासून शिजतंय त्यातून नाही. गालेट, ऑम्लेट, सॅलड, अल्सासचा पातळ तार्त फ्लांबे यांवर डुकराचे बारीक तुकडे, म्हणजे लार्दों, टाकतात. "सां लार्दों" म्हटलं की विषय मिटतो. पण बटाटा, चीज आणि लार्दोंचं तार्तिफ्लेत आधीच रचून भट्टीत गेलेलं असतं, त्यातून लार्दों वेचून खाऊ नका. कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गाईच्या हाडांच्या रश्शावर करतात, तेव्हा ते तुम्हा दोघांनाही नाही. मूस आणि जेलीसारख्या गोडात जिलेटिन असू शकतं. आणि चौकातल्या, सहा भाषांत फोटोंसह मेनू टांगलेल्या हॉटेलात जाऊच नका. खडूने पाटीवर चारच पदार्थ लिहिलेली जागा शोधा. जिथे पदार्थ थोडे, तिथे ते त्या दिवशी केलेले असण्याची शक्यता जास्त. छपराचं झाकण असलेल्या पातेल्याचं चिन्ह दिसलं तर तो 'घरी केलेलं' या २०१४ च्या नियमाचा शिक्का.

आता अहो. तुमच्या पत्रात एक गृहीत दडलंय: प्रवासात नवरा-बायकोने तिन्ही वेळा सारखंच, एकत्रच आणि बाहेरच खायचं. का बरं? फ्रान्समध्ये हॉटेलातलं जेवण दुपारी स्वस्त असतं. साधारण बारा ते दोन या वेळात 'प्ला द्यु झूर', म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ, बऱ्याच ठिकाणी १५ ते २० युरोंत मिळतो. पाव त्यातच, नळाचं पाणी 'काराफ दो' म्हणून मागितलंत तर फुकट, टीप सक्तीची नाही. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, मग कितीही विनवण्या करा. तेव्हा बाहेरचं, तिथलं, नवं ते सगळं दुपारी. रात्री घरी भात. लेकीच्या घरी तर सोपंच आहे. नीस आणि पॅरिसलाही हॉटेलच्या खोलीऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. अहोंना संध्याकाळचा भात नक्की मिळणार हे कळलं की दुपारी ते कुरकुर न करता नवं काही चाखतील, असा माझा अंदाज आहे. माणूस नव्या चवीला घाबरतो त्यापेक्षा उपाशी झोपायला जास्त घाबरतो.

आणि त्या भाताबरोबरची आमटीही प्रांतीय फ्रेंच होऊ शकते बरं का! ल प्वीच्या ज्वालामुखीच्या मातीतल्या हिरव्या मसुरीला १९९६ मध्ये संरक्षित नाव मिळालं. कडधान्याला असा मान मिळण्याची फ्रान्समधली ती पहिलीच वेळ. दाणा बारीक, साल पातळ, शिजल्यावर मोडत नाही. कुठल्याही सुपरमार्केटात असते. गोडा मसाला घेऊन जा आणि करा. लेकीची तक्रार ठेपल्यांबद्दल होती, याबद्दल ती काही बोलू शकणार नाही.

सामानात मात्र तूप, पेढे, श्रीखंडाची पावडर, पनीर असलं काही घालू नका. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, पकडलं तर जप्त. कढीपत्त्याची ताजी पानंही घरीच ठेवा. चिवडा, मेतकूट, मसाले, तांदळाचं आणि भाजणीचं पीठ न्यायला हरकत नाही. तुपाचं काय, तर तिथलं बिनमिठाचं लोणी, पाकिटावर 'दू' लिहिलेलं, आणून कढवा. साजूक तुपाबद्दल हट्टी असलेली माणसंही त्याला नावं ठेवत नाहीत.

टूर कंपनीच्या सहलीला मी नाक मुरडत नाही. पंचाहत्तरीचे आईवडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, परदेशात कुणी ओळखीचं नसेल, तर रोज रात्री तयार गरम पोळी मिळणं ही मोठी सोय आहे. तुमच्यासारखे प्रश्न असलेल्या अशा वाचकांना मी सांगेन: सहलीला जा, पण सकाळचा हॉटेलचा नाश्ता एखाद्या दिवशी सोडून कोपऱ्यावरच्या बेकरीतून 'त्रादिस्यों बागेत' नावाचा लांबट फ्रेंच पाव घ्या. १९९३ च्या सरकारी नियमानुसार या पावात कृत्रिम पदार्थ चालत नाहीत; मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, एवढाच मुख्य ऐवज. जैन वाचकांनाही पोटभरीला हाच पाव, फळं आणि अक्रोड. कांदा-लसूण-बटाटा नसलेलं जेवण फ्रेंच हॉटेलात मागणं म्हणजे स्वयंपाक्याची आणि स्वतःची परीक्षा, त्यापेक्षा घरी करा. सगळं खाणाऱ्यांना माझी एकच विनंती, कासूले रात्री खाऊ नका. पण तुमची लेक तिथे आहे, भाषा तिला येते, स्वयंपाकघर तिचं आहे. तुमच्या बाबतीत टूर घेण्याचं मला कारण दिसत नाही.

बुइआबेसचा हट्ट अहोंनी धरलाच, तर तो आधी सांगून ठेवावा लागतो, बहुधा दोघांसाठीच करतात, आणि माणशी साठ-सत्तर युरोंच्या पुढे जातो. तुम्ही समोर पाव कुरतडत बसणार. त्याऐवजी नीसलाच एखाद्या साध्या ठिकाणी त्यांना 'सूप द प्वासों' घेऊन द्या: गाळलेलं माशाचं सूप, लसूण-केशर-मिरचीचं 'रुई' नावाचं वाटण लावलेले कुरकुरीत पाव, वर किसलेलं चीज. दर कितीतरी कमी, आणि चव तुमच्या अहोंना ओळखीची वाटेल.

लेकीला सांगा, तीसची यादी ठेव बाजूला. ग्रेनोबलच्या आसपासचं काय ते तू जेवतेस ते आम्हाला दाखव. शिवाय रेल्वेची तिकिटं आताच काढा, जवळ आली की महागतात. वार मात्र बघून काढा: रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात, आणि नीसच्या कूर सालेयाच्या चौकात सोमवारी भाजी-फळांच्या बाजाराऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.